फॉरमॅट झालेली एक टीबी आणि सरांचं कास : कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२४, शुक्रवार

दुकान बंद करायच्या बेतात होतो तेवढ्यात सर आले. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली पोर्टेबल हार्डडिस्क, पाऊस लागू नये म्हणून शर्टाच्या आत धरून आणलेली. आम्हाला नववी-दहावीला सायन्स शिकवलेले सर. रिटायर झाल्यापासून दर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला, फुलांच्या पठारावर जायचं, फोटो काढायचे आणि घरी येऊन एकेका फोटोला बसून नाव द्यायचं हा त्यांचा नेम. २०१३ ते २०२३, अकरा पावसाळे या एका डिस्कवर आहेत, दुसरी कॉपी नाही.

झालं असं की नातवानं टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला घेतला, लॅपटॉपला दोन्ही एकदम जोडलेलं होतं, ई कुठलं आणि एफ कुठलं यात गोंधळ झाला आणि हार्डडिस्क फॉरमॅट झाली. लगेच कळलं पण नाही, त्यावर त्यानं तीन सिनेमे कॉपी केले, मग पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर रिकामा, तेव्हा उजेड पडला. पोरगं दहावीला आहे, दोन दिवस जेवलं नाही म्हणाले.

"अरे, काय राहिलंय का बघ," एवढंच म्हणले सर. मी म्हणलं सर आधी बसा, चहा घ्या.

तीन गोष्टी विचारल्या. एक, फॉरमॅटला किती वेळ लागला? "दहा सेकंद." म्हणजे क्विक फॉरमॅटची टिक तशीच होती. हे फार मोठं आहे, कारण व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमधे ती टिक काढून फॉरमॅट मारलं की अख्ख्या डिस्कवर शून्य लिहिली जातात आणि मग कोणाच्या बापाला काही परत येत नाही. क्विकमधे फक्त नवीन अनुक्रमणिका लिहिली जाते, पुस्तकाची पानं तिथंच असतात. दोन, डिस्क फिरणारी का एसएसडी? फिरणारी, जुनी. एसएसडी असती तर विंडोजनं फॉरमॅट करतानाच ट्रिमचा निरोप पाठवून सगळे ब्लॉक मोकळे करायला सांगितलं असतं. तीन, सिनेमे सोडून अजून काही लिहिलंय का त्यावर? नाही. पिशवीवर मार्करनं लिहिलं, "कुठंही जोडू नका."

१३ जुलै, शनिवार

मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही, तिच्यावर थेट काही शोधायचं पण नाही, आधी हुबेहूब नक्कल काढायची आणि पुढची सगळी झटापट नकलेवर करायची. ही शिस्त मी कधी मोडत नाही, कस्टमर कितीही घाई करू दे. विंडोजला तर जोडायचीच नाही, ते आपणहून कायतरी लिहून बसतं. लिनक्सवर ऑटोमाउंट बंद करून जोडली.

स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितलं. रिअलोकेटेड, म्हणजे बाद करून बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, पण पेंडिंग, म्हणजे वाचायला अडणारे, १६. म्हणजे डिस्क म्हातारी व्हायला लागलीये. म्हणून साधं कॉपी न करता डीडीरेस्क्यू लावलं, ते आधी चांगला भाग पटापट उचलतं, अडलं तिथं थांबून न राहता पुढं जातं आणि वाईट जागांशी शेवटी झुंजतं, शिवाय कुठपर्यंत आलो ते मॅप फाइलमधे लिहून ठेवतं. एकूण १ अब्ज ९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ सेक्टर, प्रत्येक ५१२ बाइटचा. नकलेला माझ्याकडची २ टीबीची डिस्क घेतली.

दुपारी बासष्ट टक्क्याला लाईट गेली आणि इन्व्हर्टरनं पण दहा मिनिटांत मान टाकली. पावसात हे रोजचंच आहे. लाईट आल्यावर तीच कमांड परत दिली, मॅप फाइल होती म्हणून बासष्टपासूनच पुढं सुरू झालं. रात्री साडेनऊला संपलं. ४ केबीचे दोन तुकडे वाचता आले नाहीत, म्हणजे ८ हजार १९२ बाइट. एवढ्यावर काम होत असेल तर आनंद आहे. मूळ डिस्क परत पिशवीत घालून कपाटात ठेवली.

१४ जुलै, रविवार

नकलेवर टेस्टडिस्क लावलं, ते हरवलेली पार्टिशन, म्हणजे डिस्कचे आखलेले भाग, शोधतं. जुनी डिस्क एनटीएफएस होती, फॉरमॅट एक्सफॅट केलंय, या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि हे आपल्या फायद्याचं आहे. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे कुठं काय आहे ते सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची, एक कॉपी पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमधे ठेवतं, एक्सफॅटची कॉपी मात्र सुरुवातीलाच असते, त्यामुळं शेवटाला कुणी हात लावलेला नव्हता. जुनं पार्टिशन लगेच सापडलं. मी खुर्चीतून उठलोच. पण फाइलींची यादी काढायला गेलो तर म्हणतंय फाइलसिस्टीम उघडत नाही, बिघडलेली दिसतेय.

उद्या डोक्यानं बघू.

१६ जुलै, मंगळवार

कारण सापडलं आणि सापडल्यावर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

एनटीएफएसमधे एमएफटी नावाचा तक्ता असतो. प्रत्येक फाइलची त्यात १०२४ बाइटची एक नोंद, नाव काय, साइज किती, डिस्कवर कुठंकुठं ठेवलीय. शेवटच्या सेक्टरमधला बूट सेक्टर सांगतोय की एमएफटी ७८६४३२ नंबरच्या क्लस्टरपासून सुरू होते. क्लस्टर म्हणजे सेक्टरांचा गठ्ठा, इथं ४ केबीचा. गुणाकार केला की बरोब्बर ३ जीबी. विंडोजनं फॉरमॅट केलेल्या बहुतेक मोठ्या डिस्कवर हीच जागा असते.

आता एक्सफॅट फॉरमॅटनं एवढ्या डिस्कवर सुरुवातीचे तीस-पस्तीस एमबीच लिहिले. ३ जीबीपर्यंत ते पोचलंच नसतं. पण नंतरचे सिनेमे ओळीनं सुरुवातीपासून बसत गेले. पहिला १.४, दुसरा १.५. दोन्ही मिळून २.९ आणि सुरुवातीचे ते थोडे, म्हणजे तीनच्या आतच. तिसरा १.७ चा. तो २.९३ पासून ४.६३ जीबीपर्यंत पसरला आणि एमएफटी त्याच्या पोटात गेली. हेक्स एडिटरमधे, म्हणजे डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे, ३ जीबीच्या जागी जाऊन बघितलं, तिथं प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला इंग्रजीत फाइल अशी चार अक्षरं दिसायला पाहिजेत, तर तिथं व्हिडिओचा कचरा.

दोनच सिनेमे कॉपी केले असते तर आज सगळं नावासकट, फोल्डरसकट उचलून दिलं असतं.

हे सरांना सांगितलं, त्यांना समजतं. नातवाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली, डबा घेऊन नातूच आला. दारातच उभा. "दादा, होतंय का?" म्हणलं होतंय, वेळ लागेल, आत ये. फोटोरेक चालू होतं, ते त्याला दाखवलं. हे नावबिव काही बघत नाही, डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि फाइलचा चेहरा ओळखतं. जेपेग म्हणजे सुरुवातीला एफएफ, डी८, एफएफ असे बाइट. असा चेहरा दिसला की तिथून फाइल सुरू. आकडा वाढताना बघून तो पहिल्यांदा जरा मोकळा झाला.

रात्रीपर्यंत ४१ हजारांच्या वर जेपेग निघाले. पण नावं सगळ्यांची एफ आणि पुढं लांबलचक आकडा अशी, आणि पाचपाचशेच्या फोल्डरांत कोंबलेले. लग्नाचे, बारशाचे, कासचे, सगळे एकात एक.

१८ जुलै, गुरुवार

सरांना मोबाइलवर वीसेक फोटो पाठवले. तासाभरानं फोन आला. आवाज बरा होता पण म्हणले, "अरे, फोटो आले ते फार चांगलं झालं. पण नावं नाहीत ना. गेंदाच्या कितीतरी जाती आहेत कासवर, त्यातली कुठली ते मी तेव्हा भिंगातून बघून लिहिलेलं, आता फोटोवरून नाही सांगता येणार."

मला वाटलं होतं फोटो परत म्हणजे काम झालं. तसं नाही. पांढऱ्या गुंडीसारखं एक फूल आणि पांढऱ्या गुंडीसारखं दुसरं फूल, त्यातला फरक त्या फाइलच्या नावात होता. अकरा वर्षांचं काम त्या नावांत आहे.

संध्याकाळी अख्ख्या नकलेत एमएफटीच्या नोंदींचा शिक्का शोधायला पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लावून घरी गेलो. मनात एकच आशा, डिस्क एके काळी पार भरलेली होती, त्यामुळं एमएफटीला एका जागी वाढायला जागा मिळाली नसेल आणि तिचा एखादा तुकडा लांब कुठंतरी पडला असेल.

१९ जुलै, शुक्रवार

पडलाय! ६०० जीबीच्या पुढं एक तुकडा, ९ हजार ४०० नोंदी, सगळ्या धडधाकट. एमएफटी साधारण क्रमानं भरत जाते म्हणून शेवटच्या नोंदी म्हणजे शेवटच्या वर्षांच्या फाइली. २०२२ आणि २०२३ नावासकट, तारखेसकट परत. "वायतुरा, तलावाची वाट, ३" असं नाव स्क्रीनवर वाचलं तेव्हा दुकानात एकटाच होतो, मोठ्यानं वाचलं. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, ते सरांनीच वर्गात सांगितलेलं.

राहिली २०१३ ते २०२१.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

सकाळी सरांकडं जाऊन पाया पडून आलो, पेढे नेले. मग दुकानात.

आता आयएनडीएक्सच्या, म्हणजे फोल्डरांच्या याद्यांच्या मागं लागलोय. फोल्डरमधे फाइली जास्त झाल्या की त्यांची यादी एमएफटीत मावत नाही, मग ती बाहेर ४ केबीच्या ठोकळ्यांत लिहिली जाते, डिस्कभर विखुरलेली. या यादीत फाइल डिस्कवर कुठंय ते नसतं, पण नाव असतं, साइज बाइटपर्यंत अचूक असते, तारीख-वेळ असते आणि कुठल्या फोल्डरमधली ते पण. म्हणजे माझ्याकडं एका हाताला नाव नसलेले फोटो आणि दुसऱ्या हाताला फोटो नसलेली नावं. कॅमेऱ्याच्या जेपेगची साइज सहसा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, ४८ लाख १७ हजार २०३ बाइटचा फोटो बहुतेक एकच असणार. साइजवरून जोड्या लावायच्या.

नकलेत ४ केबीचे २४ कोटी ४१ लाख ठोकळे आहेत. सगळ्यांची सुरुवात तपासायला स्क्रिप्ट रात्रभर चालली. नावं आली पण मधेमधे अक्षरं फुटलेली, वायतुराच्या मधेच एक चिनी अक्षर. दोन तास गेले ते कळायला. एनटीएफएस अशा ठोकळ्यात दर ५१२ बाइटच्या शेवटचे दोन बाइट काढून घेतं, तिथं आपली खूण लिहितं आणि खरे बाइट सुरुवातीला बाजूला जपून ठेवतं. ते आधी जागच्या जागी बसवायचे, मगच वाचायचं. बसवल्यावर नावं स्वच्छ.

२४ जुलै, बुधवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दुकानात कोणी फिरकत नाही त्यामुळं कामाला निवांतपणा मिळाला.

साइजवरून २७ हजार ६०० फोटोंना नावं लागली. एका साइजचे दोन-दोन निघाले त्यांना वेळ जुळवून सोडवायचं ठरवलं तर एकही जुळेना, प्रत्येकात साडेपाच तासांचा फरक. साडेपाच म्हणल्यावर डोक्यात प्रकाश पडला, एनटीएफएस वेळ ग्रीनिचची ठेवतं आणि फोटोच्या आतल्या एक्झिफमधे, म्हणजे कॅमेऱ्यानं लिहिलेल्या माहितीत, कॅमेऱ्याच्या घड्याळाची म्हणजे आपली वेळ असते. साडेपाच तास मिळवले की धडाधड जुळले.

काही फोटो अर्धे, खालचा भाग राखाडी. डिस्क भरत आलेली असताना लिहिलेले, तुकड्यातुकड्यात पडलेले. त्यातले काही हातानं जोडून बघितले, चौदा जमले, बाकी सोडले.

२७ जुलै, शनिवार

सर दुकानात येऊन शेजारी बसले, दिवसभर. ज्यांना नाव लागलं नाही ते फोटो तारखेप्रमाणं लावून दाखवत होतो. एकदम म्हणले, "थांब थांब. जानेवारीत कासवर तेरडा कसा फुलेल?"

खरंच की. सातशेच्या आसपास फोटो १ जानेवारी २००८ चे. जानेवारीत तिथं जांभ्या दगडाचा सडा आणि वाळलेलं गवत, आणि फोटोत सगळीकडं गुलाबी. मग सरांना आठवलं, जुन्या कॅमेऱ्याचा आतला सेल गेला होता, बॅटरी काढली की घड्याळ परत पहिल्यापासून. महिना सर फुलांवरून सांगत होते. चवर फुललीय, जुलै-ऑगस्ट. सीतेची आसवं भरात, तेरडा नुकता सुरू, म्हणजे ऑगस्टचा शेवट, सप्टेंबरची सुरुवात. सोनकीचा पिवळा सडा, सप्टेंबर संपत आलेला. पण वर्ष कुठलं?

तेव्हा फोटोरेकनं दिलेली ती निरर्थक वाटणारी नावं उपयोगी पडली. एफच्या पुढचा आकडा म्हणजे फोटो ज्या सेक्टरवर सापडला त्याचा नंबर, त्याचा डिस्कवरचा पत्ता. सर दर फेरीनंतर दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं एकाच बैठकीत डिस्कवर उतरवायचे. म्हणजे शेजारच्या पत्त्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचे, घड्याळ बरोबर असलेले फोटो असणार. बघितलं तर आहेत, अगदी अलीकडं-पलीकडं. शेजाऱ्यावरून वर्ष काढलं, सरांनी फुलांवरून ताडून बघितलं. सातशेपैकी चारशे नव्वदला तारीख पक्की लागली. जिथं दोन्हींचा मेळ बसला नाही तिथं सरांनी तारीख लिहूच दिली नाही. मी म्हणत होतो शेजारी सांगतोय तेच धरू. म्हणले, "डिस्क भरत आली की कुठंही जागा सापडेल तिथं बसतात म्हणालास ना तूच? मग नाही धरायचं."

४ ऑगस्ट, रविवार

आज सगळ्यात अवघड भाग. सर प्रत्येक फेरीची एक टेक्स्ट फाइल लिहायचे. पाऊस कसा, काय फुललं, काय अजून नाही. तारखेच्या नावानं. मोबाइलमधे नाही, वहीत नाही, घरी आल्याआल्या थेट नोटपॅडमधे.

त्या शोधायला वेगळी तऱ्हा. जुन्या नोटपॅडमधे मराठी युनिकोड म्हणून सेव्ह करायला लागायचं, तशी फाइल एफएफ, एफई या बाइटनं सुरू होते आणि देवनागरीत प्रत्येक दुसरा बाइट ०९. अलीकडच्या विंडोज १० मधे नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची दुसरी पद्धत वापरतं, तिथं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५. दोन्ही तऱ्हांनी अख्खी नक्कल चाळली. १३१ टिपा मिळाल्या, पूर्ण.

पण सगळ्या लांबलचक. दोन-तीन ओळींची एकही नाही. आणि मग लक्षात आलं तसं पोटात खड्डा पडला. जेमतेम ७०० बाइटपर्यंतची फाइल एनटीएफएस बाहेर ठेवतच नाही. एमएफटीच्या त्या १०२४ बाइटच्या नोंदीतच कोपऱ्यात बसवून टाकतं, जागा वाचावी म्हणून. मराठी युनिकोडमधे ७०० बाइट म्हणजे साडेतीनशे चिन्हं, यूटीएफ-८ मधे सव्वादोनशे-अडीचशे. ज्या दिवशी सरांनी भरपूर लिहिलं त्या दिवसाची टीप वाचली, थोडक्यात लिहिलं ती एमएफटीबरोबर गेली. २०२२-२३ च्या तेवढ्या छोट्या टिपा त्या लांबच्या तुकड्यात मिळाल्या.

आणि यादीत त्या गेलेल्या टिपांची नावं आहेत. २०१५, सप्टेंबरची ६ तारीख, साइज १८४ बाइट. सुरुवातीचे दोन बाइट वजा करून निम्मं केलं, ९१ चिन्हं. त्या दिवशी सर कासला गेले होते, घरी येऊन मात्रा-जागा धरून ९१ चिन्हांचं कायतरी लिहिलं होतं, एवढं मला नक्की सांगता येतंय. काय लिहिलं ते नाही. अशा ८७ टिपा.

सरांना यादी छापून नेऊन दिली. चष्मा पुसून पूर्ण वाचली, तारखा आणि आकडेच आहेत तरी. मी म्हणलं सर, सगळं केलं, यापुढं जागाच नाही शोधायला. "माहितेय मला," म्हणले.

११ ऑगस्ट, रविवार

आता दोन नवीन डिस्क. एक सरांकडं, एक पुण्याला त्यांच्या मुलीकडं, आणि वर्षातून दोनदा अदलाबदल करायची असं काकूंनी ठरवलं. घरातल्या पेनड्राइव्हवर नातवानं लाल टेप चिकटवलीय, आणि नवीन डिस्कला नाव दिलंय "कास", नुसतं ई-एफ दिसू नये म्हणून. जुनी डिस्क फेकायची नाही, माझ्याकडची नक्कल पण अजून वर्षभर ठेवतोय.

फोटोंना नावं: यादीवरून लागलेली २७ हजार ६००, वेळेवरून अजून १ हजार ९००. कासचे पण नाव न लागलेले साधारण तीन हजार. लग्नाचे वेगळे काढून काकूंना दिले, काकू ते बघत बसल्यात.

त्या ८७ टिपांचं सर आणि नातू रोज संध्याकाळी थोडं थोडं करतायत. त्या दिवसाचे फोटो उघडायचे, सर बघून आठवेल ते सांगतात, पोरगं टाइप करतं. मी आज बसलो होतो त्यांच्यात. पोरानं लिहून झाल्यावर फाइलला जुनीच तारीख द्यायला घेतली तर सरांनी थांबवलं. "आजची तारीख घाल. आणि वर लिही, आठवणीतून. ते तेव्हा बघून लिहिलेलं होतं, हे आता सांगतोय, दोन्ही एक नाहीत."

मग ६ सप्टेंबर २०१५ चे फोटो उघडले. अकरा होते. धुकं, कंदीलपुष्पाचा एक, तलाव, परत धुकं. सरांनी पुढं-मागं करून तीनदा बघितले. पोरगं कीबोर्डवर बोटं ठेवून थांबलेलं.

"नाही आठवत. याला रिकामी ठेव, पुढचं घे."